खेळाडूवर गुन्हा दाखल झाला, आता संघानं काय करायचं?

खेळाडूला अटक झाल्याची बातमी येते, तातडीची बैठक बसते आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, "शनिवारच्या सामन्याला तो असेल का?" अशा एका बैठकीत मी स्वतः होतो. तक्रार कुणी केली, ती व्यक्ती सुरक्षित आहे का, याआधी आपल्या कानावर काही आलं होतं का, हे प्रश्न निघायला तासभर लागला. तेही कार्यालयातल्या एका कनिष्ठ सहकारी बाईंनी धीर करून विचारले म्हणून. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: हे निर्णय कसे घ्यायचे ते प्रसंग येण्याआधीच कागदावर उतरलेलं हवं. एकदा खेळाडूचं नाव समोर आलं की त्याच्या धावा आणि गोल निर्णयात शिरतातच. बैठकीतली माणसं सज्जन असली तरीही.

क्लब, अकादमी किंवा संघटना चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विषय मैदानाबाहेरच्या प्रकरणांचा: मारहाण, घरातली हिंसा, लैंगिक अत्याचाराची तक्रार, दारू पिऊन गाडी चालवणं, अमली पदार्थ, आर्थिक फसवणूक. उत्तेजक द्रव्यं आणि सामनानिश्चिती (मॅच-फिक्सिंग) यांची यंत्रणा वेगळी असते, त्यात मी शिरत नाही. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे इथलं काहीही वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

आधी तीन प्रश्न सुटे करा

गुन्हा घडला का? याचं उत्तर न्यायालय देईल. आपल्या आचारसंहितेचा भंग झाला का? हे संघानं किंवा संघटनेनं ठरवायचं. आणि प्रकरण चालू असताना खेळाडूला मैदानात उतरवायचं का? हेही आपणच ठरवायचं, पण ही शिक्षा नव्हे, तात्पुरती व्यवस्था आहे. हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले की गोंधळ सुरू होतो. "कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही" असं म्हणून काहीच न करणारे आणि "नाव आलं ना, काढून टाका" म्हणणारे, दोघांचीही चूक तीच असते.

इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याच्या प्रकरणात हे तीन प्रश्न वेगवेगळे दिसतात. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलमधल्या नाइटक्लबबाहेर मारामारी झाली आणि त्याला अटक झाली. त्या हिवाळ्यातल्या अ‍ॅशेस मालिकेत तो खेळला नाही. जानेवारी २०१८ मध्ये रीतसर आरोप ठेवला गेला, पण त्यानंतर बोर्डानं त्याला पुन्हा निवडीसाठी मोकळं केलं. ऑगस्टमध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं. तरीही डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या शिस्त आयोगानं खेळाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी आणि ३० हजार पौंडांचा दंड सुनावला. आधी हुकलेले सामने त्या बंदीत धरले गेले, म्हणून आणखी बाहेर बसावं लागलं नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. शिस्तीच्या कारवाईत साधारणपणे "असं घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढं पुरतं, आणि तिथला आरोपही वेगळा असतो.

संघानं फक्त आपल्या अखत्यारीतला प्रश्न हाती घेतला तर काय होतं, याचं चांगलं उदाहरण मार्च २०१८ चं आहे. मोहम्मद शमीवर त्याच्या पत्नीनं अनेक आरोप केले, त्यात पैशांच्या संशयास्पद व्यवहाराचाही एक होता. भारतीय बोर्डानं त्याचा वार्षिक करार रोखून धरला. आपल्या भ्रष्टाचारविरोधी पथकाकडे फक्त तो क्रिकेटशी संबंधित मुद्दा सोपवला आणि त्यात तथ्य आढळलं नाही म्हणून दोन-तीन आठवड्यांत करार दिला. घरगुती वादाचा न्याय बोर्डानं करायला घेतला नाही, तो न्यायालयाकडेच राहिला.

नियम आधी लिहा, आणि करारातही

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. नंतरच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या राहतात.

निर्णय कोण घेणार ते नावानिशी नाही तर पदानिशी लिहून ठेवा. तिघांची समिती पुरेशी आहे: व्यवस्थापनातली एक व्यक्ती, एक वकील, आणि संघाशी आर्थिक संबंध नसलेली बाहेरची एक व्यक्ती. मुख्य प्रशिक्षक त्यात नको. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याची नोकरी निकालांवर टिकून असते, आणि आघाडीच्या खेळाडूला बाहेर ठेवण्याचा निर्णय त्याच्या गळ्यात मारणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

मग उंबरठा ठरवा. निव्वळ आरोप, अटक, रीतसर आरोप दाखल होणं, शिक्षा होणं: यांपैकी कोणत्या टप्प्यावर काय घडेल? ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगनं २०१९ मध्ये याचं रोखठोक उत्तर दिलं. ज्या गुन्ह्याला कमाल ११ वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकते असा आरोप दाखल झाला, की खेळाडू आपोआप सामन्यांबाहेर. पगार पूर्ण चालू, सराव चालू, आणि त्याला दोषी मानलेलं नाही हे नियमातच लिहिलेलं. जॅक डी बेलिन या खेळाडूनं नियमाला न्यायालयात आव्हान दिलं आणि तो हरला. पुढे त्याच्या खटल्यात दोन वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि मे २०२१ मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर दोन मोसमांहून अधिक काळ गेला होता. खेळाडूच्या आयुष्यात दोन मोसम म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, ते हलकं करून सांगण्यात अर्थ नाही. तरीही मी आपोआप लागू होणाऱ्या नियमाच्याच बाजूचा आहे, कारण तो कर्णधाराला आणि राखीव खेळाडूला सारखाच लागतो. फक्त त्यात मी एक कलम वाढवेन: दर तीन महिन्यांनी समितीनं फेरविचार करायचा आणि त्याची कारणं लेखी नोंदवायची.

पगाराचं कलम संदिग्ध ठेवलं तर ते किती महागात पडतं हे मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबला कळलं. क्लबचा खेळाडू बेंजामिन मेंडी याच्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये लैंगिक गुन्ह्यांचे आरोप दाखल झाले आणि सप्टेंबरपासून क्लबनं त्याचा पगार थांबवला. २०२३ मध्ये तो सगळ्या आरोपांतून सुटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणानं निकाल दिला की तो कोठडीत होता तो काळ वगळता पगार रोखण्याचा अधिकार क्लबला करारानं दिलेलाच नव्हता. मागणी सुमारे १ कोटी १० लाख पौंडांची होती, आणि तिचा मोठा भाग त्याला मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा करारात स्पष्ट लिहा: जामिनावर असताना पगार किती, कोठडीत असताना किती, सामन्याचं मानधन आणि बोनस मिळणार की नाही, निर्दोष सुटल्यास थकबाकी मिळणार का. खेळाडूंची संघटना असेल तर तिला बोलावूनच हे लिहा, नाहीतर पहिल्याच प्रकरणात ते मोडीत निघेल.

अटक, समन्स किंवा न्यायालयाचा संरक्षण आदेश आला तर २४ तासांत क्लबला कळवणं खेळाडूवर बंधनकारक करा. प्रायोजकांच्या करारातही अशा वेळी कोणाला किती दिवसांत कळवायचं असतं ते पाहून ठेवा.

पहिले चोवीस तास

नेमकं काय घडलंय ते आधी खात्रीनं समजून घ्या. चौकशीसाठी बोलावणं, अटक, आरोप दाखल होणं आणि दोषी ठरणं हे चार वेगळे शब्द आहेत, आणि घाईत लोक ते एकमेकांच्या जागी वापरतात. जामिनाच्या आदेशाची प्रत मिळवा. पहिल्या मिनिटापासून एकाच माणसाकडे नोंदवही द्या: कोणती माहिती किती वाजता कळली, कोणाला सांगितली, काय ठरलं.

खेळाडूला स्वतंत्र वकील हवा. क्लबचा वकील क्लबचा असतो, आणि उद्या दोघांचं हित वेगळं होऊ शकतं. हे खेळाडूला स्पष्ट शब्दांत सांगा. त्याच कारणानं त्याला बाजूला घेऊन "खरं काय ते मला सांग" असं कुणीही विचारू नये. प्रेमानं विचारणारा प्रशिक्षकसुद्धा त्या क्षणी साक्षीदार होतो, आणि घाबरलेल्या खेळाडूचं अर्धवट वाक्य पुढे न्यायालयात वाचलं जाऊ शकतं.

पुरावा जपा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले मेसेज, सीसीटीव्हीचं चित्रण, हॉटेलच्या आणि बसच्या नोंदी, प्रवेशद्वारावरची वही. चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जात असेल तर ते त्याच दिवशी थांबवा. कुणीही काहीही डिलीट करायचं नाही, हा आदेश लेखी हवा, आणि तो साहाय्यकांपासून किट सांभाळणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पोचायला हवा.

तक्रारदाराशी खेळाडूनं, कर्णधारानं, त्याच्या मित्रांनी, कुणीही संपर्क करायचा नाही. "आपण समजुतीनं मिटवू" हे वाक्य मी चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. तक्रारदाराला ते दडपण वाटतं, आणि कायद्याच्या नजरेत साक्षीदारावर दबाव ठरू शकतं. तक्रारदार क्लबमध्येच काम करत असेल तर बदली किंवा रजा तिच्या माथी मारू नका. हलवायचं असेल तर खेळाडूला हलवा. तिच्यासाठी क्लबची एक संपर्क व्यक्ती नेमा, आणि ती व्यक्ती संघाच्या निकालांपासून लांबची असू द्या.

तक्रार अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी संबंधित असेल तर आधी आपली चौकशी आणि मग पोलीस, हा क्रम कधीच नको. मुलींवर लैंगिक अत्याचार करणारा लॅरी नासर खेळाडू नव्हता, अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता, पण धडा सगळ्यांसाठी आहे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेला जून २०१५ मध्ये त्याच्याबद्दलच्या तक्रारी समजल्या, तिनं खासगी तपासनीस नेमला आणि एफबीआयकडे जायला सुमारे पाच आठवडे लावले. अशी माहिती त्याच दिवशी पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला द्या. पुष्कळ देशांत तसं न करणं हाच गुन्हा आहे.

आणि खेळाडूला एकटं सोडू नका. तो दोषी असो वा नसो, पहिल्या काही रात्री धोक्याच्या असतात. संघाचा मानसोपचारतज्ज्ञ किंवा डॉक्टर त्याच्या संपर्कात हवा. काळजी घेणं म्हणजे बाजू घेणं नव्हे.

मैदानाबाहेर ठेवायचं तर कसं

"निलंबन" हा शब्द शक्यतो टाळा, त्यातून शिक्षेचा अर्थ निघतो. पर्याय टप्प्यांचे असतात: अटींवर खेळू देणं, सराव करू देणं पण सामना नाही, संघाच्या जागेपासून पूर्ण दूर, पगार चालू. निवड करताना आरोपाचं गांभीर्य, तक्रारदार किंवा इतर कुणाला असलेला धोका, आणि जामिनाच्या अटी पाहा. कनिष्ठ गटातल्या मुलामुलींसोबतची त्याची शिबिरं, शाळाभेटी वगैरे लगेच थांबवा. हे सहज विसरलं जातं.

जामिनाच्या अटी थेट वेळापत्रकाला भिडतात. पासपोर्ट जमा, रात्री घरी राहण्याचं बंधन, ठरावीक भागात जायला मनाई. नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने याचं प्रकरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. २०२२ मध्ये बलात्काराच्या आरोपाखाली त्याला अटक आणि मंडळाकडून निलंबन. जानेवारी २०२३ मध्ये जामीन. लगेच पुन्हा संघात. त्यानंतरच्या मालिकेत काही प्रतिस्पर्धी खेळाडूंनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये आठ वर्षांची शिक्षा आणि पुन्हा बंदी, मे महिन्यात उच्च न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता. तरीही जूनमधल्या विश्वचषकासाठी अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही आणि वेस्ट इंडीजमधल्या सामन्यांतच तो खेळू शकला. जामीन मिळाला म्हणजे खेळाडू उपलब्ध झाला असं गृहीत धरू नका. जामीन हा फक्त कोठडीबाहेर राहण्याचा आदेश आहे, मैदानात उतरवण्याची कारणं संघाकडे वेगळी असावी लागतात.

काय बोलायचं आणि कुणी

एकच प्रवक्ता, एकच निवेदन. त्यात चार गोष्टी पुरतात: आम्हाला माहिती मिळाली आहे, तपासाला आम्ही सहकार्य करत आहोत, नियम अमुक असल्यामुळे खेळाडू तमुक काळ सामन्यांना उपलब्ध नसेल, आणि यातून त्याच्या दोषी असण्याबद्दल काही सूचित होत नाही. उदाहरणार्थ: "आमच्या एका खेळाडूविरुद्ध दाखल झालेल्या आरोपांची क्लबनं दखल घेतली आहे. क्लबच्या नियमानुसार पुढील आढाव्यापर्यंत तो सामने खेळणार नाही. हा निर्णय दोषारोप नाही. तक्रारदाराच्या खासगीपणाचा सर्वांनी आदर करावा. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यानं याहून अधिक बोलणार नाही."

"निराधार", "दुर्दैवी गैरसमज", "आम्ही त्याच्या पाठीशी ठाम उभे आहोत", "तो असा मुलगाच नाही": हे शब्द आज धीर देतात आणि सहा महिन्यांनी गळ्याशी येतात. तक्रारदाराची ओळख कळेल असा कुठलाही तपशील देऊ नका. नाव टाळलं तरी गाव, नातं, नोकरी यांतून माणूस ओळखता येतो.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या बॉल्टिमोर रेव्हन्स क्लबनं मे २०१४ मध्ये काय केलं ते पाहा. फेब्रुवारीत त्यांचा खेळाडू रे राइसनं एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या पत्नीला मारलं होतं. क्लबनं दोघांना शेजारी बसवून पत्रकार परिषद घेतली आणि स्वतःच्या ट्विटर खात्यावरून, त्या रात्रीच्या आपल्या भूमिकेबद्दल तिला खेद आहे, असं जाहीर केलं. जिला मार बसला तिच्याच तोंडी खेदाची भाषा! ते ट्विट नंतर काढलं गेलं, पण लोकांच्या लक्षात राहिलं.

सहकाऱ्यांनाही सांगावं लागतं. पाठिंब्याची पोस्ट, खेळाडूच्या नंबरचा टी-शर्ट, गोल केल्यावर केलेली खूण, यातलं काहीही तक्रारदार पाहत असते.

आपली चौकशी

पोलीस तपास चालू असेल तर आधी त्यांना विचारा आणि बहुधा थांबा. साक्षीदारांना आपण आधी गाठलं तर त्यांच्या जबाबाचं नुकसान होतं. चौकशी बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, आणि कशाची ते एका परिच्छेदात लिहून द्या: आचारसंहितेच्या अमुक कलमाचा भंग झाला का, एवढंच. खेळाडूला गप्प राहण्याचा हक्क आहे, त्याच्या मौनाचा अर्थ काढू नका. तक्रारदारानं सहभागी व्हावंच असा आग्रह नको, आणि दोघांना एका खोलीत बसवून तर कधीच विचारू नका. राइसच्या प्रकरणात लीगच्या आयुक्तांनी त्याची बाजू ऐकली तेव्हा त्याची पत्नी तिथेच होती. अशा बैठकीत ती मोकळेपणी काय सांगणार?

त्याच प्रकरणातला दुसरा धडा अपुऱ्या पुराव्यावर "अंतिम" निर्णय देण्याचा. जुलैमध्ये लीगनं राइसला दोन सामन्यांची बंदी दिली. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रण बाहेर आलं, त्याच दिवशी क्लबनं करार संपवला आणि लीगनं बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बेमुदत बंदी रद्द केली: राइसनं लीगची दिशाभूल केली नव्हती, आणि त्याच घटनेसाठी दुसरी शिक्षा मनमानी होती. आधी कमी, मग घाबरून जास्त, आणि शेवटी ती जास्तीची शिक्षा टिकलीच नाही. पुरावा अपुरा असेल तर तसं नोंदवा, काय मागितलं आणि काय मिळालं नाही ते लिहा, आणि निर्णयाला "अंतरिम" म्हणा.

उलट दिशेची चूक अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची. २००६ मध्ये लॅक्रॉस या मैदानी खेळाच्या संघातल्या खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला, काही आठवड्यांत वातावरण पेटलं, संघाचा उरलेला मोसम रद्द झाला आणि प्रशिक्षकाला जावं लागलं. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तिन्ही आरोपी खेळाडू निर्दोष असल्याचं जाहीर केलं. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची सनदच गेली. तिघांना तात्पुरतं बाजूला ठेवणं समजण्यासारखं होतं. पण त्यांच्यावरच्या आरोपासाठी अख्ख्या संघाचा मोसम घालवणं म्हणजे 'मैदानात उतरवायचं का' या तिसऱ्या प्रश्नाला 'गुन्हा घडला का' या पहिल्याचं उत्तर देणं.

निकालानंतर

आरोप मागे घेणं, निर्दोष सुटका, तडजोड आणि शिक्षा हे सगळे वेगळे शेवट आहेत, प्रत्येकासाठी काय करायचं ते नियमात आधीच असू द्या. आरोप मागे घेतले म्हणून शिस्तीचा प्रश्न आपोआप मिटत नाही. निर्दोष सुटलेल्या खेळाडूला मात्र पूर्ण मान देऊन परत घ्या: निवेदन पहिल्याइतकंच ठळक, थकबाकी वेळेत, आणि शिस्तीची शिक्षा झालीच तर बाहेर घालवलेले सामने तिच्यात धरलेले. बारा महिन्यांपूर्वी पहिल्या पानावर गेलेलं नाव आता कोपऱ्यात टाकणं हा दुसरा अन्याय आहे.

शिक्षा भोगून आलेल्याला परत घ्यावं का? मी होय म्हणेन, पण अटींवर. कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात कैद भोगून आलेल्या मायकल विकला २००९ मध्ये एनएफएलमधल्याच फिलाडेल्फिया ईगल्सनं घेतलं, तेव्हा माजी प्रशिक्षक टोनी डंजी त्याचे मार्गदर्शक झाले आणि विकनं प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध जाहीरपणे बोलण्याचं काम घेतलं. पुढच्याच मोसमात तो लीगचा सर्वोत्तम पुनरागमन करणारा खेळाडू ठरला. मोजायचं असेल तर खेळ नव्हे, अटी मोजा: समुपदेशनाची किती सत्रं झाली, भरपाई दिली का, न्यायालयाच्या आदेशाचं पालन चालू आहे का.

परतीची तारीख ठरली की ती माध्यमांना कळण्याच्या किमान दोन दिवस आधी, नेमलेल्या संपर्क व्यक्तीमार्फत, तक्रारदाराला कळवा. कळवणाऱ्या संपर्क व्यक्तीचं नाव, निर्णयाची प्रत आणि कळवल्याची वेळ त्याच नोंदवहीत लिहा, आणि ती वही समितीशिवाय इतरांना मिळणार नाही अशी ठेवा.